रक्त म्हणजे दूध नव्हे

"लिंबू? माझ्या लेकीच्या रक्तात लिंबू घालणार तुम्ही?"

मी एवढ्या जोरात ओरडले की अतिदक्षता विभागाच्या दाराशी पेंगत बसलेला वॉचमन ताडकन उभा राहिला. समोर डॉक्टरीणबाई होती, बिराजदार नावाची. माझ्या उजापेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठी असेल. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी बांधलेले. तिनं बिचारीनं चांगल्या मनानं सांगायला घेतलं होतं. खेड्यातली बाई आहे, हिला सोपं करून सांगावं, असं तिला वाटलं असणार. म्हणाली, "मावशी, लिंबात असतं ना, तसलंच एक औषध आहे, सायट्रेट. ते मशीनच्या नळीत सोडलं की रक्त साकळत नाही."

आता लिंबाचं सांगावं तरी कुणाला, तर मला! आमची भूम गावाजवळ खव्याची भट्टी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कढईपुढं उभी आहे. मालक गेले, तरी भट्टी एक दिवस विझू दिली नाही. आणि आमच्या शेडात लिंबू आणायचं नाही, हा माझा नियम. गड्यांना लोणचं खायचं असेल तर शेडाबाहेर बसा, हात धुवा, मग आत या. लोक दुकानाला लिंबू-मिरची बांधतात, आमच्या दाराला नुसत्या मिरच्या. लिंबाचा रस पडला की कढईभर दूध फाटतं, आणि फाटलेल्या दुधाचा खवा ब्रह्मदेव आला तरी होत नाही.

"पोरीच्या अंगात आधीच रक्त नाही," मी म्हटलं. "राहिलंय तेवढ्याचं पनीर करता का?"

"मावशी, तसं नसतं ते..."

"लिंबू काय करतं ते मला शिकवू नका, बाई. जन्म गेला माझा त्यात."

 आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती वळून पळाली. मी तिथंच उभी, छाती धपापत होती. रागानं नव्हे. रागाचं नाव, पण आतून मी भ्याले होते.

उजा माझी एकुलती एक लेक. उज्ज्वला नाव, पण घरात उजाच. बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. मुलगी झाली, गुटगुटीत, रडली बिडली, सगळं झकास. आणि मग उजाचं रक्त जायला लागलं ते थांबेचना. गर्भपिशवी आवळत नाही म्हणाले. गाडीत घालून सोलापूरला आणली तोवर पोरगी पांढरीफटक पडलेली. डॉक्टरांनी रक्तामागून रक्त चढवलं, पिशवी कशीबशी वाचवली, जीव वाचवला. पण त्या सगळ्यात तिची मूत्रपिंडं बसली. लघवीचा थेंब होईना. अंग सुजलं, छातीत पाणी भरायला लागलं. रक्तदाब इतका खाली की नेहमीचं डायलिसिस झेपणार नाही, म्हणून ते दुसरं मशीन लावलं, सावकाश आणि दिवसरात्र चालणारं. मानेतल्या नळीतून रक्त बाहेर यायचं, गाळणीतून जायचं आणि परत अंगात.

पण ते चालेल तर ना! थोडा वेळ चाललं की गाळणीत रक्त साकळायचं आणि मशीन बोंबलायला लागायचं. मग नळ्या काढा, गाळणी फेका, आतलं रक्त वाया, पुन्हा नवीन जोडा. एरवी रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, पण ते सगळ्या अंगात भिनतं. बाळंतपणाची जखम ओली होती. पुन्हा रक्त सुटलं असतं तर संपलंच. म्हणजे औषध द्यावं तर रक्त जातंय, न द्यावं तर साकळतंय. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असली गत.

मी बाकावर येऊन बसले तर समोर उजाचं सासर बसलेलं. जावई भारतराव, त्यांची आई, आणि त्यांचे चुलते नाना. माझं ओरडणं त्यांनी अक्षरन् अक्षर ऐकलं होतं.

"ऐकलंस का, भारत?" नाना म्हणाले. "दुधातलं माणूस बोलतंय. रक्त नासणार म्हणत्यात विहीणबाई. आता तरी डोळं उघड. किती येळा बंद पडलं ते मशीन? देवाच्या मनात न्हाई. पोरीला घरी न्यावं, आपल्या माणसांत."

"घरी कशाला?" मी विचारलं.

नानांनी तोंड फिरवलं.

"बोला की नाना. घरी कशाला? बाळंतविडा द्यायला?"

विहीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमचे हे असेच मशीनवर गेले. नळ्या घातलेल्या, हात बांधलेले. मी पाहिलंय सगळं. पुन्हा बघवणार नाही मला. आणि तुम्हीच म्हणालात आत्ता, नासवतात म्हणून."

म्हणाले होते खरी. माझाच दगड माझ्याच पायावर. भारतराव मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आत काही होणार नव्हतं, आणि ते आईच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत.

तेवढ्यात आतून मशीन पुन्हा बोंबललं. मी वॉचमनला न विचारता दार ढकलून आत गेले.

उजा जागी होती. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, पण डोळे तिचेच. मला बघून म्हणाली, "आई, परत बंद पडलं?"

"पडू दे. दुसरं जोडतील."

"बाळ कुणाकडं आहे?"

"तुझ्या मावशीकडं. रडून रडून सगळी आळी जागवते. तुझ्यावर गेलीय."

ती हसायला गेली आणि दमली. "अजून मांडीवर घेतलं नाही मी तिला," म्हणाली.

ते वाक्य माझ्या काळजात असं घुसलं, अजून तिथंच आहे. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि मागं वळले, कारण तिच्यापुढं रडायचं नव्हतं मला.

डॉक्टरीणबाई गाळणी काढत होती. हातभर लांब काचेसारखं नळकांडं, आत बारीक बारीक धाग्यांची जुडी. ती पांढरी असायची, आता काळपट लाल पट्टे पडले होते. वरच्या टोकाला रक्ताचा थर बसलेला, जुन्या कढईच्या काठाला साय चिकटते तसा.

"हे असं झालंय होय?" मी विचारलं.

"हो मावशी. साकळलं."

"लिंबू न घालताच?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "लिंबू न घालताच," ती म्हणाली.

मी क्षणभर त्या गाळणीकडं बघत राहिले. मग बाही वर सारली आणि हात पुढं केला.

"काढा."

"काय?"

"रक्त काढा माझं. तुमचं ते लिंबू आधी माझ्या रक्तात घाला. माझ्या डोळ्यांदेखत. नासलं तर माझ्या लेकीला हात लावायचा नाही, आणि नाही नासलं तर मी बघते बाहेरच्यांकडं."

सिस्टर फिसकन हसली. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं खरंच सुई घेतली. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि माझं रक्त बोटाएवढ्या तीन बाटल्यांत भरलं. एक लाल टोपणाची, दोन निळ्या टोपणाच्या.

"लालमध्ये ते औषध नाही," ती म्हणाली. "निळ्यांमध्ये आधीच घातलेलं असतं, तेच सायट्रेट. रोज कितीतरी तपासण्या याच बाटल्यांत होतात, मावशी. आता थांबायचं फक्त."

थांबायचं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. दूध आटेपर्यंत थांबण्यातच आमची उमर जाते. मी तिन्ही बाटल्या मुठीत धरून बसले. ती नवीन गाळणी जोडायच्या तयारीला लागली, पण जोडली नाही. होकार आला नव्हता ना.

"मग दूध का नासतं?" मी बसल्या बसल्या विचारलं.

"दूध आंबटपणानं नासतं. या औषधातला आंबटपणा काढून टाकलेला असतो."

"कसा? सोडा घालून मारतो तसा?"

ती वळली. "अगदी तसाच, मावशी. सोड्यानंच मारलेला असतो."

हे मला पटलं. उन्हाळ्यात दूध फाटायची भीती असली की चिमूटभर सोडा टाकणारी माणसं मी पाहिली होती, आणि त्यांच्याशी भांडलेही होते. आंबटपणा मेला की लिंबाचा दात पडला, एवढं मला कळत होतं.

थोड्या वेळानं मी लाल बाटली आडवी केली. रक्त जागचं हललं नाही, वडीसारखं बसलेलं. निळी आडवी केली, तर रक्त या टोकाहून त्या टोकाला सरसर गेलं. पुन्हा पुन्हा केलं. सरसर. ना गोळा, ना चोथा, ना पाणी सुटलेलं.

"रक्त साकळायला कॅल्शियम लागतं," डॉक्टरीणबाई शेजारी उकिडवी बसून म्हणाली. "चुन्यातलं असतं ना, ते. हे औषध त्या कॅल्शियमला धरून ठेवतं. मग रक्ताला साकळता येत नाही. मशीनमध्ये रक्त शिरायच्या आधी हे घालायचं. आणि अंगात परत जाताना वेगळ्या नळीनं कॅल्शियम द्यायचं."

"का? पातळच राहू दे की."

"अंगात पातळ राहिलं तर तिची जखम वाहील. बाहेर साकळता कामा नये आणि आत जखमेवर साकळलं पाहिजे. बघा." तिनं दुसऱ्या निळ्या बाटलीचं टोपण काढून सुईनं दोन थेंब सोडले. "हे कॅल्शियम. धरा, हलवा जरा."

मी धरली. पुन्हा थांबले. उजाकडं बघत, त्या बंद मशीनकडं बघत. आणि थोड्या वेळानं बाटली आडवी केली, तर तेच रक्त, मघा पाण्यासारखं पळणारं, दह्यासारखं लागलेलं! अहो, माझ्या अंगावर काटा आला. बांधलेलं सोडलं होतं आणि सोडलेलं परत बांधलं होतं, माझ्याच मुठीत.

"आणि धोका?" मी विचारलं. "खोटं बोलायचं नाही."

"आहे," ती म्हणाली. "कॅल्शियम कमी पडलं तर ओठांना मुंग्या येतात, हातपाय वळतात, हृदयापर्यंत जाऊ शकतं. म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. थोडं औषध अंगात जातंच, ते लिव्हर जिरवतं. तिचं लिव्हर चांगलं आहे. मी हे शिकताना खूप केलंय, पण या हॉस्पिटलमध्ये अजून कुणी केलेलं नाही. मोठे सर म्हणाले, करायचं तर तुझ्या जबाबदारीवर कर."

"आणि नाही केलं तर?"

ती उजाकडं बघून आवाज खाली आणत म्हणाली, "तर गाळण्या अशाच जात राहतील. तेवढा वेळ तिच्याकडं नाही."

"मग दोघींच्या जबाबदारीवर," मी म्हटलं आणि उठले.

बाहेर आले ती थेट त्यांच्या बाकासमोर. "लावायचंय औषध," म्हटलं.

नाना उसळले. "अवो, मघाशी तुमीच म्हनलात की नासतंय!"

"म्हटलं मी. दुधाचं म्हटलं. रक्त म्हणजे दूध नव्हे, हे मला मघाशी ठाऊक नव्हतं, आता आहे. हे बघा." मी लाल बाटली नानांच्या नाकासमोर आडवी धरली. "हे औषधाशिवाय. दगड. असंच त्या गाळणीत होतंय. आणि हे औषध घातलेलं." निळीतलं रक्त सरसर गेलं, तसे नाना मागं सरकले. "आणि हे त्यावर कॅल्शियम घातलं की. पुन्हा लागलं. अंगात गेल्यावर जखमेपाशी असं लागणार. नासलेलं कुठं दिसतंय दाखवा. बोट ठेवा, नाना."

"हे बाटलीतलं झालं," नाना म्हणाले. "मानसाच्या अंगातलं न्यारं असतंय."

"असेल. मग घरी नेऊन जे होणार ते न्यारं आहे का? ते तर चांगलं ठाऊक आहे तुम्हाला!"

विहीणबाईंनी माझा हात धरला. "अहो, पुन्हा त्या नळ्या, पुन्हा ते मशीन... मला नाही हो बघवणार."

 पण मला त्या घडीला दया परवडणारी नव्हती.

"तुम्हाला बघवत नसेल तर डोळे मिटून बसा," मी म्हटलं. "मी बघते. तुमचे मालक गेले, माझेही गेले. गेलेल्यांचा हिशोब माझ्या जित्या लेकीवर मांडू नका. तिनं अजून पोर मांडीवर घेतलेलं नाही, विहीणबाई. एकदासुद्धा नाही."

 भारतराव उठले. त्यांनी माझ्या हातातली निळी बाटली घेतली, आडवी केली, पुन्हा उलटी आडवी केली.

"मामी, हे रक्त कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. दुसऱ्याचं कशाला घेऊ?"

त्यांनी एकदा आईकडं बघितलं. मग बघायचं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच थांबवलं असावं. "नाना, तुम्ही बसा," ते म्हणाले, आणि दाराकडं जाऊन डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "मॅडम, घाला औषध. मी नवरा आहे तिचा, मी सांगतोय."

औषध लागलं. मशीनवर दोन जास्तीच्या पिशव्या टांगल्या, एक आधीची सायट्रेटची, एक परतीची कॅल्शियमची. मी पायथ्याशी उभी. सिस्टरनं मला दोनदा बाहेर काढलं, मी दोनदा परत गेले, मग तिनं नाद सोडला. मशीन फिरत होतं. आता बोंबलेल, मग बोंबलेल, असं वाटत होतं, आणि ते फिरतच होतं.

मध्येच उजा म्हणाली, "आई, ओठाला मुंग्या आल्यात."

मी डॉक्टरीणबाईला हाक मारली. डॉक्टरीणबाई धावत आली, रक्त काढलं, तपासायला पळवलं, कॅल्शियमचा वेग वाढवला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. ती घामेजली होती. मी तिला म्हटलं, "घाबरू नका, बाई. चूल पेटवली की आच कमी-जास्त करावीच लागते." हे मी तिला सांगत होते की मला, देव जाणे. थोड्या वेळानं उजा ओठ चाटून म्हणाली, "गेल्या."

त्या दिवशी गाळणी साकळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पांढऱ्या धाग्यांची जुडी गुलाबी गुलाबी राहिली. उजाच्या तोंडावरची सूज उतरून तिचं नाक परत दिसायला लागलं. विहीणबाई बाकावर माझ्यापासून लांब बसायच्या. एकदा सरकत सरकत जवळ आल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चाललंय का?"

"चाललंय."

"बरं," म्हणाल्या, आणि डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्या हातात दिली. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. भाकरी खाल्ली.

पण मशीन चालणं म्हणजे मूत्रपिंड चालणं नव्हे, हे डॉक्टरीणबाईनं बजावून ठेवलं होतं. ते आपलं आपण उठेल तेव्हा उठेल, नाहीतर उठणारही नाही. म्हणून मी रोज आत गेले की आधी पलंगाच्या कडेला टांगलेली लघवीची पिशवी बघायची. रोज कोरडी. देवाला हात जोडायचे सोडून मी त्या पिशवीपुढं उभी राहायची. शिव्याही द्यायची, खोटं कशाला बोला.

आणि एका सकाळी मी आत गेले तर सिस्टर पिशवीपाशी वाकलेली. तिनं मला बोटानं खुणावलं. पिशवीच्या तळाशी घोटभर पिवळं पाणी होतं. मला वाटलं, औषध सांडलं असेल. "हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे काय, मावशी," सिस्टर म्हणाली. "तुमच्या लेकीचंच आहे."

मी तशीच बाहेर धावले. बाकावर सगळे होते, शिवाय दुसऱ्या पेशंटची माणसं, चहावाला, वॉचमन, फाइल घेऊन निघालेले मोठे सर.

"मुतली!" मी ओरडले. "माझी पोरगी मुतली!"

सगळी लॉबी माझ्याकडं बघायला लागली. नाना छताकडं बघू लागले. विहीणबाई लगबगीनं उठून माझ्या तोंडावर हात ठेवायला आल्या. "अहो विहीणबाई, हळू! चार पुरुषमाणसं बसलीत, मोठे डॉक्टर उभे आहेत, लोक काय म्हणतील!"

"बसू देत! उभे राहू देत!" मी त्यांचा हात बाजूला केला. "मुतली म्हणते मी! सगळ्यांनी ऐका!"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या.  मग हळूच म्हणाल्या, "किती?"

"घोटभर."

"घोटभर," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली घसरला, तो त्यांनी सावरलाच नाही. तशाच वळल्या, नानांच्या खांद्याला धरून त्यांना गदागदा हलवलं आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "भावजी, वर काय बघताय? आमची सून मुतली!"